रुग्णवृत्तान्तातील ‘म्हणे’ : मज्जाविकार व निद्राविकार यांच्या अध्यापनातील एक भाषिक प्रश्न

१

मज्जासंस्थेच्या विकारांचे अध्यापन ही मुख्यतः डोळ्यांची शाळा आहे, असा समज वैद्यकीय महाविद्यालयांत रूढ आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. गुडघ्यावर हातोडीचा हलका आघात करून पायाची उसळी पाहावी, तळपायावर रेघ ओढून अंगठा वर जातो की खाली हे पाहावे, नादकाटा घोट्यावर टेकवून कंपनाची जाणीव आहे की नाही हे विचारावे, आणि या सर्व खुणांवरून मेंदूत अथवा मज्जारज्जूत नेमक्या कोणत्या ठिकाणी बिघाड आहे याचा निर्णय करावा, ही या शास्त्राची अभिजात रीत होय. तिच्यातील तर्काचे सौंदर्य कोणाही अभ्यासकाला मोह घालील असे आहे. तथापि त्या तपासणीच्या आधी एक गोष्ट घडलेली असते. रोगी बोललेला असतो, आणि त्याचे बोलणे कोणीतरी लिहून घेतलेले असते. या लिहून घेण्याचा विचार अध्यापनात जितका व्हावा तितका होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भाषाशास्त्र आणि मज्जाशास्त्र यांची गाठ आजवर प्रामुख्याने वाचाघाताच्या प्रांतात पडत आली. पॉल ब्रोका याने १८६१ साली पॅरिसमध्ये ज्याच्या मेंदूचे परीक्षण केले तो रोगी, १८७४ साली कार्ल व्हेर्निके याने मांडलेला दुसऱ्या प्रकारचा वाचाघात, आणि १९४१ साली रोमान याकोब्सन याने बालभाषा व वाचाघात यांत दाखविलेला संबंध, हे टप्पे आपल्या विभागातील प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहेत. या परंपरेत भाषा ही रोगाचे स्थान आहे. बिघडते ती भाषाच. परंतु ज्या विकारांत भाषा अबाधित असते, त्यांतही भाषा एक काम करीत असतेच. ती रोगाची साक्ष देत असते. या दुसऱ्या कामाकडे आपल्या शास्त्राने फारसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात निद्राविकारांच्या संदर्भात त्याचा विचार करावयाचा आहे. निद्राविकारच का निवडले, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२

एका शिक्षण-रुग्णालयाच्या मज्जाविकार बाह्यरुग्ण विभागात, तेथील अध्यापकांच्या अनुमतीने, प्रस्तुत लेखकाला काही आठवडे कोपऱ्यात बसून संभाषणे ऐकण्याची संधी मिळाली. त्यांतील एक संभाषण येथे नमूद करतो. साठीच्या घरातले एक शेतकरी उजव्या हाताच्या कंपाची तक्रार घेऊन आले होते. सोबत त्यांची पत्नी होती. ती खुर्चीवर न बसता पतीच्या मागे उभी होती. विद्यार्थ्याने क्रमाने प्रश्न विचारले आणि शेवटी विचारले, “काका, झोप कशी लागते?” उत्तर आले, “झ्याक लागती.” तेवढ्यात मागून पत्नी म्हणाली, “रातच्याला हात उगारत्यात. एकदा माझ्या तोंडावर बसला.” काका हसले व म्हणाले, “मी भांडतो म्हनं झोपंत. मला तर काय ठावं न्हाई.” विद्यार्थीही हसला. केसपेपरवर त्याने इंग्रजीत जे लिहिले त्याचा अर्थ एवढाच होता : ‘झोप प्राकृत.’

या नोंदीत असत्य काहीच नाही. काकांना झोप खरोखरच चांगली लागत होती, आणि प्रश्नही तेवढाच होता. परंतु त्या खोलीत तीन विधाने झाली होती आणि कागदावर एकच उतरले. पहिले विधान रोग्याच्या अनुभवाचे होते. दुसरे प्रत्यक्ष पाहणाऱ्या व्यक्तीचे होते. तिसरे विधान सर्वांत विलक्षण होते : रोगी स्वतःविषयीच बोलत होता, परंतु दुसऱ्याच्या साक्षीवरून. हे तिसरे विधान मराठीने एका लहानशा शब्दात बांधून दिले होते. तो शब्द ‘म्हणे’, किंवा काकांच्या बोलीत ‘म्हनं’.

या रोग्याचे पुढे काय झाले हे प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही, आणि निदान सांगणे त्याच्या अधिकारातही नाही. तथापि त्या गळलेल्या विधानाचे मोल काय असू शकले असते, हे वैद्यकाच्या प्रसिद्ध इतिहासावरून सांगता येते.

३

ज्या विकाराला आज पार्किन्सनचे नाव आहे त्याचे पहिले सुसंगत वर्णन जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ साली एका छोट्या निबंधात केले. हा निबंध सहा रुग्णवृत्तान्तांवर उभा आहे. वाङ्मयीन दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे लेखकाचा प्रांजळपणा. सहापैकी दोन रोगी आपल्याला रस्त्यात सहज भेटले, एक तर केवळ दुरूनच पाहावयास मिळाला, हे तो लपवीत नाही. मृत्यूनंतरच्या शवपरीक्षणाचा आधार आपल्याजवळ नाही, म्हणून कारणांविषयीचे आपले म्हणणे अनुमानाच्याच कोटीतले आहे, हेही तो मान्य करतो. कोणती गोष्ट आपण पाहिली, कोणती ऐकली आणि कोणती तर्काने जाणली, यांतील भेद राखण्याची ही वृत्ती आजच्या विद्यार्थ्यालाही अनुकरणीय आहे.

परंतु विकाराच्या उत्तरावस्थेतील झोपेचे वर्णन येते तेव्हा या प्रांजळ लेखकाची लेखणी बदलते. झोप बिघडते, हातापायांचा कंप झोपेतही होतो आणि तो वाढत जाऊन रोग्याला जागे करतो, अशा आशयाचे तो लिहितो. येथे वाचकाने थांबून विचारावे की, हे कोणी पाहिले? रात्री रोग्याच्या उशाशी कोण होते? पत्नी, कन्या, की सेवक? की सकाळी उठून रोग्यानेच तसे सांगितले? निबंधात याचे उत्तर नाही. दिवसा साक्षीदारांविषयी इतका दक्ष असलेला लेखक रात्रीच्या प्रांतात शिरताच साक्षीदार वगळतो आणि केवळ घटना सांगतो.

ही केवळ शैलीची उणीव नव्हे. पार्किन्सनच्या विकारातील विशिष्ट कंप गाढ झोपेत सामान्यतः थांबतो, हे आज सर्वमान्य आहे. मग झोपेत दिसलेली ती हालचाल कोणती होती? कदाचित रोगी अर्धवट जागा झाल्यावर कंप पुन्हा सुरू होत असेल. कदाचित ती हालचाल कंपाहून निराळीच असेल आणि दिवसा कंप पाहण्याची सवय झालेल्या नजरेने तिलाही कंप मानले असेल. १८१७ च्या त्या मजकुरावरून याचा निर्णय होणे शक्य नाही. साक्षीदार कोण आणि तिने कोणत्या शब्दांत सांगितले, एवढे जरी लिहिले गेले असते, तरी दोनशे वर्षांनंतरच्या वाचकाला काही आधार मिळाला असता.

४

पुढचे पाऊल पडावयास बराच काळ जावा लागला. १९५३ साली शिकागो येथे युजीन असेरिन्स्की व नेथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेच्या काही टप्प्यांत डोळे बंद पापण्यांआड वेगाने हलतात आणि त्या टप्प्यांचा स्वप्नांशी संबंध असतो, हे दाखवून दिले. या ‘रेम’ निद्रेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल, जवळजवळ निश्चेष्ट असतात, हे फ्रान्समध्ये मिशेल झुवे याच्या मांजरांवरील प्रयोगांनी पुढे स्पष्ट झाले. स्वप्नात आपण धावतो, पण पाय धावत नाहीत. निसर्गाने तेथे एक आडणा घातलेला असतो. १९८६ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे कार्लोस शेंक, मार्क महोवाल्ड व त्यांचे सहकारी यांनी असे रोगी वर्णिले की ज्यांच्यात हा आडणा निघाला होता. हे रोगी स्वप्नातला झगडा अंथरुणातच करीत. ते ओरडत, लाथा झाडत, मुठी चालवीत. त्यांना आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांना इजा होई. १९९६ साली याच संशोधकांनी नोंदविले की, अशा पन्नाशीच्या पुढील २९ पुरुषांपैकी ३८ टक्क्यांना कालांतराने पार्किन्सनसदृश विकार जडला. आणि नंतरच्या पाठपुराव्यात हे प्रमाण आणखी वाढले. ज्या विकाराची ओळख वैद्यक हाताच्या कंपावरून करीत आले, त्याची चाहूल कित्येकदा अनेक वर्षे आधी शय्यागृहात लागते, असा याचा अर्थ.

आता या विकाराचे ज्ञान कसे होते ते पाहावे. रोगी झोपेतून जागा झाला तर त्याला स्वप्न आठवू शकते : कोणी पाठलाग करीत होते, जनावर अंगावर येत होते, आपण प्रतिकार करीत होतो. परंतु आपला हात प्रत्यक्ष हलला, हे त्याने पाहिलेले नसते. पत्नीने हात पाहिलेला असतो, बहुधा सोसलेलाही असतो; स्वप्न तिने पाहिलेले नसते. दोघांपैकी कोणाजवळही संपूर्ण वृत्तान्त नाही. दोन अर्धी विधाने एकत्र येतात तेव्हाच ती संशयाला पुरेशी होतात, आणि त्यानंतरच पॉलिसोम्नोग्राफी नावाची रात्रभराची आलेखन-तपासणी निर्णय देऊ शकते. इतर बहुतेक विकारांत रोगी हा आपल्या व्यथेचा पहिला साक्षीदार असतो. निद्राविकारांत तो ऐन घटनेच्या वेळी अनुपस्थित असतो. निद्राविकार निवडण्याचे कारण हेच.

हीच स्थिती झोपेत श्वास खंडित होणाऱ्या विकाराची. श्वास थांबला आणि पुन्हा जोराने सुरू झाला, हे शेजारचा माणूस ऐकतो. रोगी केवळ दिवसा पेंगतो. मराठीत तर घोरणे हे निश्चिंत झोपेचे लक्षण समजले जाते. ढाराढूर झोपलेला मनुष्य घोरतोच, असे आपण गृहीत धरतो, आणि म्हणून घोरण्याचे वर्णन तक्रारीच्या स्वरात न येता थट्टेच्या स्वरात येते. अपस्माराच्या बाबतीतही पाहणाऱ्याची साक्ष निर्णायक ठरते, आणि तेथे शब्दांची अडचण अधिकच मोठी आहे. ‘झटका आला’ हे मराठी वाक्य आकडी, हृदयविकार आणि अर्धांगवायू या तिन्हींना लागू पडते. ऐकणाऱ्याने ‘म्हणजे काय झाले? तुम्ही काय पाहिलेत?’ असे न विचारता तो शब्द इंग्रजीत उतरविला, तर रोग्याचा निम्मा मार्ग तेथेच चुकतो.

५

‘म्हणे’ या शब्दाकडे आता किंचित बारकाईने पाहू. याकोब्सनने १९५७ साली रशियन क्रियापदांच्या विवेचनात क्रियापदाच्या अशा एका कोटीला नाव दिले की जिच्यामुळे सांगितलेल्या घटनेचे ज्ञान वक्त्याला कोठून झाले हे कळते. तिला आपण साक्ष्यदर्शक कोटी म्हणू. काही भाषांत ही कोटी क्रियापदाच्या रूपातच बसविलेली असते व ती टाळता येत नाही. मराठीत तशी सक्ती नाही. परंतु मराठीने त्यासाठी सोयीची साधने राखली आहेत. ‘तो ओरडला’, ‘तो ओरडला असावा’ आणि ‘तो ओरडला म्हणे’ या तीन वाक्यांतील भेद कोणाही मराठी मुलाला कळतो. पहिल्यात पाहिलेले, दुसऱ्यात तर्काने जाणलेले, तिसऱ्यात ऐकलेले आहे. पार्किन्सनने दिवसाच्या वर्णनांत जो भेद कष्टाने राखला, तो मराठी बोलणारी अशिक्षित स्त्रीही सहज राखते.

तथापि ‘म्हणे’चे कार्य एवढ्यावर संपत नाही. या शब्दात ऐकीवपणाबरोबरच एक प्रकारचे अंग काढून घेणेही आहे. ‘मी भांडतो म्हणे’ यात ‘मला तसे सांगण्यात आले आहे’ हे जसे आहे, तसेच ‘मला ते पटलेले नाही’ हेही असू शकते. ‘मोठा विद्वान म्हणे!’ या उद्गारात तर केवळ अविश्वासच उरतो. रोगी हसून ‘म्हणे’ म्हणतो तेव्हा तो पत्नीची साक्ष पुढे करतो आणि त्याच वेळी ती हलकी करतो. ऐकणारा विद्यार्थी त्या हसण्यात सामील झाला, की साक्ष बाद होते. म्हणजे या एका शब्दाचे दोन अर्थ विद्यार्थ्याने ओळखावयास हवेत : पहिला त्याला सांगतो की साक्षीदार दुसरा आहे, त्याला विचार, दुसरा सांगतो की बोलणारा त्या साक्षीदाराला मानीत नाही, सावध राहा.

येथे इंग्रजी भाषेला दोष देण्याचे कारण नाही. इंग्रजीतही ‘पत्नीच्या सांगण्यावरून’ असे लिहिण्याची सोय आहे आणि दक्ष वैद्य ते लिहितातही. दोष आहे तो केसपेपरच्या संक्षिप्त शैलीचा. या शैलीत कर्ता एकच, रोगी. तो ‘तक्रार करतो’ किंवा ‘नाकारतो’. ही दोनच क्रियापदे बहुतेक सर्व संभाषणाला पुरविली जातात. त्यांतील ‘नाकारतो’ हे तर विशेष विचारार्ह आहे. ज्याला झोपेतल्या हालचालीची जाणीवच नाही त्याने ती ‘नाकारली’ असे लिहिणे म्हणजे अज्ञानाला निषेधाचे रूप देणे होय. शिवाय मराठीतून ऐकणे आणि त्याच क्षणी इंग्रजीतून लिहिणे या दुहेरी कामात जे शब्द आधी गळतात ते असे लहान, अव्ययासारखे शब्दच असतात. नाम आणि क्रियापद भाषान्तरात तरतात. ‘म्हणे’, ‘जणू’, ‘बहुतेक’ बुडतात.

६

साक्षीचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी झोपेच्या अनुभवाचे वर्णन करण्याची मराठीची स्वतःची एक व्यवस्था आहे आणि विद्यार्थ्याने ती जाणून घेण्यासारखी आहे. मराठीत झोप ही बहुधा स्वतःच कर्ता असते आणि झोपणारा चतुर्थीत उभा असतो : मला झोप येते, मला झोप लागते. ‘येणे’ आणि ‘लागणे’ यांत भेद आहे. ‘झोप येते पण लागत नाही’ हे वाक्य मराठीत सर्वथा अर्थपूर्ण आहे. त्यात इच्छा आहे आणि सिद्धी नाही. झोप ‘मोडते’ तेव्हा ती लागून गेलेली असते आणि कोणीतरी अथवा काहीतरी ती मोडते; ‘उडते’ तेव्हा ती पुन्हा हाती लागत नाही. ‘पहाटेच जाग येते’ ही आणखी निराळी अवस्था. झोप लागण्यातील अडचण, झोप टिकण्यातील अडचण आणि अवेळी लवकर जाग येणे, असे निद्रानाशाचे जे तीन प्रकार ग्रंथांत शिकविले जातात, ते रोग्याच्या क्रियापदांत अगोदरच वेगळे पडलेले असतात. केसपेपरवर ते सर्व ‘निद्रानाश’ या एका नामात पुन्हा मिसळून टाकले जातात, हा विरोधाभास म्हटला पाहिजे.

उलट काही ठिकाणी मराठी भेद राखीत नाही, आणि तेथे प्रश्न विचारणाऱ्याने सावध राहावे. ‘झोपणे’ या क्रियापदाचा अर्थ आडवे होणे असाही आहे आणि निद्रिस्त होणे असाही आहे. ‘तुम्ही किती वाजता झोपता?’ या प्रश्नाचे ‘दहाला’ हे उत्तर अंथरुणाला पाठ टेकण्याची वेळ सांगते की डोळा लागण्याची? या दोहोंतील अंतर हेच तर वैद्याला हवे असते. ‘पाठ केव्हा टेकता आणि डोळा केव्हा लागतो?’ असा दुहेरी प्रश्न विचारला, तर मराठीच ती अडचण सोडविते. तसेच झापड, पेंग, गुंगी, ग्लानी, सुस्ती, थकवा हे शब्द परस्परांचे प्रतिशब्द नव्हेत. ज्याला पेंग येते तो संधी मिळताच झोपतो. ज्याला थकवा आहे तो पडून राहतो, पण झोपेलच असे नाही. दिवसाची अतिनिद्रा आणि केवळ थकवा यांत फरक करणे हे निद्रावैद्यकातील पहिल्या पाठांपैकी एक आहे. तो फरक मराठीत आहे. फक्त रोग्याचा शब्द जसाच्या तसा टिपला पाहिजे.

आणखी एक धोका वाक्प्रचारांचा. फ्रान्समधील झां-बाप्तिस्त झेलिनो याने १८८० साली अनावर झोपेच्या ज्या विकाराला ‘नार्कोलेप्सी’ असे नाव दिले, त्यात अनेक रोग्यांना हसताना किंवा अचानक भावना उसळताना स्नायूंतील बळ क्षणभर नाहीसे झाल्याचा अनुभव येतो. गुडघे वाकतात, मान कलते, शुद्ध मात्र कायम असते. मेंदूतील ओरेक्सिन या द्रव्याच्या अभावाशी या विकाराचा संबंध २००० साली स्पष्ट झाला. आता असा एखादा मराठी रोगी म्हणाला की, ‘हसता हसता माझे हातपाय गळतात’, तर ऐकणारा त्याला वाक्प्रचार समजण्याचीच शक्यता अधिक. हातपाय गळणे हे आपल्या भाषेत भीतीचे वा निराशेचे आलंकारिक वर्णन आहे. रोगी अभिधेने बोलतो आणि वैद्य लक्षणेने ऐकतो. याच्या उलटही घडते. विसाव्याच्या वेळी, विशेषतः संध्याकाळी व रात्री, पायांत अस्वस्थता येऊन ते हलविल्यावाचून चैन न पडणे, हा जो विकार आहे, त्याचे रोगी योग्य शब्द सापडत नाही म्हणून उपमांचा आश्रय घेतात : पायांत काही वळवळते, आतून ओढते, सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ हेच तेथे मोलाचे लक्षण असते. पण केसपेपरवर ‘पाय दुखतात’ एवढे येते, आणि ज्याने दुखते असे कधी म्हटलेच नाही त्याला वेदनाशामक गोळी मिळते.

७

या सर्व विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दिवसाला शेकडो रोगी तपासणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात अव्ययांचा विचार करावयास वेळ कोणाला आहे? हा आक्षेप वास्तव आहे आणि तो थट्टेवारी नेता येणार नाही. परंतु ‘हे कोणी पाहिले?’ या तीन शब्दांच्या प्रश्नाला लागणारा वेळ, चुकीच्या दिशेने केलेल्या तपासण्यांना लागणाऱ्या वेळापुढे नगण्य आहे. दुसरा आक्षेप असा की, आता यंत्रे आहेत. रात्रभराचा आलेख सत्य सांगेल, साक्षीची गरज काय? याचे उत्तर असे की, यंत्रापर्यंत तोच रोगी पोहोचतो ज्याला शब्दांनी तेथवर नेले. ज्याच्या कागदावर ‘झोप प्राकृत’ असे लिहिले आहे त्याला त्या तपासणीसाठी कोणी पाठविणार नाही. आणि ही तपासणी तर सर्वत्र उपलब्धही नाही.

प्रमाणित प्रश्नावल्यांविषयीही हेच म्हणता येईल. मरे जॉन्स याने १९९१ साली ऑस्ट्रेलियात तयार केलेली एपवर्थ श्रेणी जगभर वापरली जाते. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, हे रोग्याने शून्य ते तीन अंकांत सांगावयाचे असते. त्यांतील एक प्रसंग मोटार रहदारीत काही मिनिटे थांबली असतानाचा, तर एक मद्याविना घेतलेल्या दुपारच्या जेवणानंतरचा आहे. ज्या स्त्रीने मोटारीत बसून कधी रहदारी पाहिली नाही आणि जिच्या घरी मद्याचे नाव काढत नाहीत, तिला हे प्रश्न विचारले तर ती विनयाने काहीतरी उत्तर देईल, अंकही मिळेल. तो अंक कशाचा, हा प्रश्न उरतो. शिवाय प्रश्न ‘डुलकी लागते का?’ असा नसून ‘लागण्याचा संभव किती?’ असा आहे. मराठीत त्यासाठी ‘लागेल’, ‘लागू शकेल’ असे रूप योजावे लागते, आणि तोंडी विचारताना ते सहज ‘लागते’ असे होऊन जाते. प्रश्नावली टाकून द्यावी असे येथे म्हणावयाचे नाही. तिचे भाषान्तर हे शब्दांचे न होता प्रसंगांचे व्हावे, एवढेच सुचवावयाचे आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही भाषिक दक्षतेने सुटणारी नाही, आणि ती प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. साक्षीदार लाभणे हे सर्वांच्या नशिबी नसते. विधुर, विधवा, एकटा राहणारा मजूर यांच्या रात्रीला पाहणारे कोणी नाही. ज्या घरांत पुरुष ओसरीवर आणि स्त्रिया आत झोपतात तेथेही साक्ष अपुरी पडते. स्त्री-रोग्यांच्या बाबतीत तर प्रश्न अधिक अवघड होतो. पतीच्या झोपेचे वर्णन पत्नी तपशिलाने करते. पत्नीच्या झोपेविषयी पतीला विचारले, तर बहुधा ‘झोपते की’ एवढेच उत्तर मिळते. ती त्याच्यानंतर झोपलेली आणि त्याच्याआधी उठलेली असते. तिची रात्र कोणी पाहिलेलीच नसते. केसपेपरवरील रिकामी जागा ही अशा वेळी निरोगीपणाची खूण नसून साक्षीदाराच्या अभावाची खूण असते, आणि ती तशीच लिहिली पाहिजे.

८

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत सत्रात स्थानिक भाषेला स्थान देण्यात आले आणि पुढील वर्षांत संवादकौशल्याचाही समावेश झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु स्थानिक भाषा शिकविणे म्हणजे अवयवांची नावे आणि ‘कोठे दुखते?’ यांसारखी वाक्ये पाठ करून घेणे, असा अर्थ होता कामा नये. मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यालाही येथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. किंबहुना त्यालाच अधिक आहे, कारण जी भाषा आपण जन्मभर बोलतो तिच्यातील लहान शब्द आपल्या कानांना ऐकू येईनासे होतात.

व्यवहार्य सूचना तीनच कराव्याशा वाटतात. झोपेविषयीच्या प्रत्येक नोंदीपुढे ती कोणाच्या साक्षीवरून आहे हे लिहावे, आणि साक्षीदार नसेल तर ‘पाहणारे कोणी नाही’ असे लिहावे. रोग्याचे मुख्य क्रियापद त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, केसपेपरवर उतरवावे. इंग्रजी संज्ञा त्यानंतर यावी. आणि सोबत आलेल्या माणसाला बसावयास खुर्ची द्यावी. शेवटची सूचना भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरची वाटेल. परंतु उभ्याने, दुसऱ्याच्या पाठीमागून, बोलण्याच्या ओघात टाकलेले वाक्य आणि बसून, विचारल्यावर दिलेले उत्तर ही दोन्ही शब्दशः एकच असली तरी ऐकणाऱ्यापर्यंत एकसारखी पोहोचत नाहीत, हे आपल्याला भाषेच्या अभ्यासानेच शिकविले आहे.

पार्किन्सनचा विकार रोखणारा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. त्यामुळे त्याची चाहूल आधी लागून काय लाभ, असेही कोणी म्हणेल. निदान एवढा लाभ निश्चित की, अंथरुणाजवळची टोकदार वस्तू हलविता येते, झोपेतील झटापट वाढविणारी काही औषधे टाळता येतात, ती कमी करणारी देता येतात, आणि जिच्या तोंडावर रात्री हात बसतो तिला हे कळते की तो हात रागाचा नव्हता. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात उभ्या असलेल्या स्त्रीला हे सांगावयास कोणी उरले नाही, कारण तिने काही सांगितले होते याची कागदावर नोंदच नव्हती.